स्मृतिभ्रंश: मोठं केंद्र नको, घराजवळची दहा ते पाचची सोय हवी

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी शहरानं काहीतरी करावं, असा विषय निघाला की मागणी ठरलेली असते: एक अद्ययावत केंद्र, शंभर खाटांचं, शक्यतो शहराबाहेर, जिथं भूखंड मिळेल तिथं. कोनशिला बसते, फोटो निघतो. अशा केंद्राची काही जणांना गरज आहेच. पण ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक कुटुंबांची अडचण त्यानं सुटणार नाही. त्यांना हवं आहे ते घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, आजोबांना किंवा आजींना दहा ते पाच निर्धास्तपणे सोडता येईल असं ठिकाण, म्हणजे दिवसकेंद्र. आणि घरी येणारी मावशी अशी, की जिला हे काम कुणीतरी शिकवलेलं आहे. महापालिकांनी पैसा आधी या दोन गोष्टींवर घालावा, खाटांचं नंतर बघावं.

आधी आकडे पाहू. साठीपुढच्या भारतीयांवरच्या ‘लासी-डॅड’ या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. ग्रामीण भागात हे प्रमाण ८.४ टक्के, शहरी भागात ५.३ टक्के. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाख ४१ हजारांचं होतं आणि नवी मुंबई ११ लाख २० हजारांची. त्यांत दहा टक्के लोक साठीपुढचे धरले, तर शहरी प्रमाणानं ठाण्यात पावणेदहा हजार आणि नवी मुंबईत सहा हजारांना जराशी कमी माणसं निघतात. हा ढोबळ हिशेब आहे आणि तोही जुन्या लोकसंख्येवरचा. आज दोन्ही शहरं बरीच फुगली आहेत. तरी साडेपंधरा हजार माणसं आणि शंभर खाटा, हे गणित एका टक्क्याच्या आतच राहतं. उरलेले नव्व्याण्णव टक्के घरीच असणार. म्हणून घर हाच मुख्य दवाखाना धरून व्यवस्था आखायला हवी.

ही माणसं कोण आहेत तेही बघितलं पाहिजे. वागळे इस्टेटमध्ये नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत तीन पाळ्यांत राबलेले कामगार, सिडकोची घरं घेऊन वाशी-नेरूळला आलेले बँकेतले आणि मंत्रालयातले कर्मचारी, बाजार समितीबरोबर मुंबईहून इकडे आलेले व्यापारी आणि माथाडी. आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरूत, परदेशात किंवा याच घरात पण सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतणारी. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. पहाटे साडेचारला उठून ‘डबा भरला का, सातची पाळी आहे’ असं विचारणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर दिवसभर कोंडून ठेवलं, तर तो संध्याकाळी दार बडवणारच. आपण त्याला आजाराचं लक्षण म्हणतो. त्यातला निम्मा भाग तरी रिकाम्या दिवसाचा असतो.

आजची व्यवस्था तीन बायकांच्या खांद्यावर उभी आहे: स्वतःचे गुडघे दुखत असलेली पत्नी, नोकरी अर्धवेळ केलेली किंवा सोडलेली सून, नाहीतर लेक, आणि ब्युरोतून आलेली मावशी. मावशी बारा तासांच्या पाळीला येते. ब्युरो तिच्या पगारातून आपलं कमिशन कापून घेतं, आणि बहुतेक ठिकाणी तिला शिकवत काहीच नाही. काल ती अर्धांगवायूच्या रुग्णाकडे होती, उद्या बाळंतिणीकडे असेल. महिना-दीड महिन्यात ती बदलते. स्मृतिभ्रंशात चेहरा बदलणं फार महागात पडतं, कारण नाव विसरलं तरी आवाज, हात, चालणं हे सवयीनं ओळखीचं झालेलं असतं. नवी मावशी आली की आंघोळ, जेवण, झोप हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आंघोळीचंच घ्या. घराघरांतली सर्वांत मोठी लढाई तिथंच होते. ‘आंघोळ करता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘झाली माझी’ असंही येतं. शिकलेली मावशी विचारत नाही. ती बादलीत कोमट पाणी काढते, पाट किंवा प्लॅस्टिकचं स्टूल आधीच मांडून ठेवते, टॉवेल आणि कपडे हाताशी घेते आणि ‘पाणी काढलंय, निवेल’ एवढंच म्हणते. वरून शॉवर सोडत नाही, कारण डोक्यावर अचानक आलेल्या पाण्यानं माणूस घाबरतो. आधी पायांवर पाणी, मग हातांवर, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून. तांब्या त्यांच्याच हातात देते. अर्धी आंघोळ हात आपोआप करतो, कारण साठ-सत्तर वर्षांची सवय हातात असते. डोकं शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकलेली असते. यातलं काहीही अवघड नाही, महागही नाही. पण हे माहीत नसलेली मावशी दंडाला धरून ओढते, आजोबा हात उगारतात, ‘पेशंट मारकुटा आहे’ असा निरोप ब्युरोला जातो आणि संध्याकाळी मुलगा डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायला उभा राहतो.

माणसाला शांत करायला दिल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांबद्दल दोन शब्द. वृद्धांमधल्या स्मृतिभ्रंशात आक्रमकपणा आवरायला मनोविकारावरची औषधं दिली, तर मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पक्षाघाताचा धोकाही वाढतो. कधीकधी ही औषधं द्यावी लागतात. पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, आणि दीड ते तीन महिन्यांत ‘अजून गरज आहे का’ हे तपासून. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. प्रत्यक्षात चिठ्ठी एकदा लिहिली जाते आणि औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं तीच गोळी येत राहते. बंद करायची तारीख चिठ्ठीवर लिहायचीच नाही, ही आपली पद्धत.

आता दिवसकेंद्राकडे येऊ. नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. ठाण्यात ज्येष्ठ नागरिक संघांचे कट्टे, समाजमंदिरं, वाचनालयांचे हॉल आहेत. बऱ्याच जागा सकाळी व्यायामाला आणि संध्याकाळी कॅरम-गप्पांना वापरल्या जातात. मधल्या वेळी कुलूप. याच वेळात वीस जणांचं केंद्र चालू शकतं. मोठ्या गृहप्रकल्पांतून महापालिकेकडे येणाऱ्या सुविधा जागांपैकी एखादी याकरता राखून ठेवणंही जमण्यासारखं आहे.

कुठलीही खोली मात्र चालत नाही. तळमजला हवा. बसल्या खुर्चीवरून संडासाचं दार दिसलं पाहिजे, आणि दारावर मोठं चित्र. पाटीपेक्षा चित्र जास्त काळ कळतं. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड दिसत नाही, म्हणून बसण्याची कड गडद रंगाची. दारात काळं पायपुसणं घालू नये, ते खड्ड्यासारखं भासतं आणि माणूस तिथंच थबकतो. चकचकीत फरशी ओली वाटते. येरझाऱ्या घालायला सलग वाट हवी, बंद टोक नको. टोकाशी पोचलेला माणूस तिथलं दार उघडायच्या मागे लागतो. बाहेरच्या दाराला पडदा, म्हणजे दार नजरेत भरत नाही. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि रोज पान उलटायचं दिनदर्शिकेचं काम एकाच माणसाकडे.

दर पाच जणांमागे एक सेविका, हे प्रमाण मोडलं की केंद्र गोठा होतं. उपक्रमांत बालवाडी नको. पंचाहत्तर वर्षांच्या माणसापुढे रंगवायला बदक ठेवणं हा अपमान आहे आणि तो त्यांना कळतो. मटार सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, फुलांचा हार, नाणी रकान्यांत लावणं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, हरिपाठ, जुनी नाट्यगीतं. वाक्य जुळवता न येणारी माणसं भजनाचा पूर्ण अंतरा म्हणतात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही नवीन नाही. दर दोन तासांनी संडासाला नेणं हे वेळापत्रकात लिहिलेलं असावं, लक्षात ठेवण्यावर सोडू नये. साडेचारच्या आत चहा. दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावायचे; सावल्या लांबल्या की घालमेल वाढते. घरीही हेच करायचं.

बिघडतं कुठं, तेही आधीच माहीत असलेलं बरं. पहिली अडचण गाडीची. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी तीन किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. अर्ध्या तासापलीकडे ही माणसं गाडीत बसत नाहीत. कुणी उतरायला बघतं, कुणाचे कपडे ओले होतात, आणि दुसऱ्या दिवशी घरचे पाठवत नाहीत. म्हणून केंद्राचा परीघ किलोमीटरनं न ठरवता मिनिटांनी ठरवावा. कासारवडवली आणि नौपाडा यांना मिळून एक केंद्र, ही कल्पनाच सोडून द्यावी. गाडीत चालकाबरोबर एक मदतनीस लागतोच. चालकानं जिन्यात चढायचं आणि मागे गाडीत चौघं, असं चालत नाही.

दुसरी अडचण पहिल्या पंधरवड्याची. आजी रडतात, ‘घरी जायचंय’ म्हणतात, सुनेला अपराधी वाटतं आणि चौथ्या दिवशी येणं बंद. म्हणून पहिले तीन दिवस दोनच तास, घरच्या माणसासह. पुढचे तीन दिवस घरचं माणूस असतं, पण बाहेरच्या खोलीत. दुसऱ्या आठवड्यात जेवणापर्यंत. पूर्ण दिवस तिसऱ्या आठवड्यापासून. प्रवेशाच्या वेळी दोन पानांची माहिती: हाक कशी मारायची (‘काका’, ‘भाऊ’, ‘सर’, ‘वहिनी’), काय काम करत होते, डावखुरे आहेत का, चहात साखर किती, कशाला घाबरतात. निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘ए आज्जी’ म्हटलं की पुढचा दिवस हातचा गेला.

तिसरी अडचण बोलायला अवघड आहे. ज्येष्ठ नागरिक संघांतले धडधाकट सभासदच विरोध करतील. ‘आमच्या जागेत वेडे आणून बसवले’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवावी. त्या रागाखाली स्वतःबद्दलची भीती असते, हे उघड आहे. जपाननं २००५ पासून सामान्य नागरिकांना दीड तासाचा वर्ग देऊन लाखो ‘स्मृतिभ्रंश साहाय्यक’ तयार केले: दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलंसुद्धा. इथं तो वर्ग सर्वांत आधी संघांच्या कार्यकारिणीला आणि सोसायट्यांच्या वॉचमनना द्यायला हवा. वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली फोटो आणि दोन फोन नंबर असले, तर हरवण्याचे निम्मे प्रसंग फाटकातच थांबतील. तरीही माणूस बाहेर पडलाच, तर जुने रस्ते आधी बघायचे: स्टेशनचा फलाट, जुनी कंपनी, जुनं घर. ११२ ला लगेच फोन. चोवीस तास थांबायचा नियम वगैरे काही नाही.

जुन्या घरावरून आठवलं, पुनर्विकास. नौपाडा, पाचपाखाडी, वाशीची जुनी सेक्टरं, सगळीकडे इमारती उतरताहेत. ज्या माणसाला डोळे मिटून संडास सापडत होता, त्याला दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात आणि नंतर बाविसाव्या मजल्यावर ठेवलं की महिनाभरात तो ‘एकदम खालावला’ असं वाटतं. आजार एकाएकी वाढलेला नसतो. ज्याच्या आधारानं तो झाकला गेला होता, ते घर गेलेलं असतं. घर बदलणं टळत नसेल, तर पलंग, कपाट आणि देव्हारा हे तिन्ही आधी हलवून जुन्याच दिशांनी लावावेत, हलवाहलव सकाळी करावी, पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा ठेवावा. करारनाम्यात पार्किंगसाठी महिनोन्‌महिने भांडणाऱ्या सोसायट्यांनी अशा सभासदासाठी जवळचं, खालच्या मजल्यावरचं भाड्याचं घर मागायला हरकत नसावी.

निदानाच्या टोकाला आणखी एक गळती आहे. आशा सेविका घरोघरी जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न विचारला जातो, उत्तर लिहिलं जातं, आणि ‘हो’च्या पुढे फारसं काही घडत नाही. त्या ‘हो’ला नागरी आरोग्य केंद्रात एक ठरलेला वार जोडला पाहिजे. तिथं पहिल्यांदा सुधारण्याजोगी कारणं बघायची: बी-१२, थायरॉइड, सोडियम, ऐकू कमी येणं, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त. माणूस दोन-चार दिवसांत अचानक बदलला, तर तो स्मृतिभ्रंश समजायचा नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा सर्दीसाठी घेतलेली साधी ॲलर्जीची गोळी, यांपैकी काहीतरी निघतं. हे मावशीलाही शिकवायचं, कारण ते तिलाच पहिल्यांदा दिसणार.

मावशींना शिकवायचं कुणी? गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेले, थोडंसं प्रशिक्षण घेतलेले सल्लागार घरी जाऊन कुटुंबाला वागणूक कशी हाताळायची ते सांगत. वर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका कमी झाला. रुग्णांच्या आजारात मोठा फरक पडला नाही. पण सांभाळणारी व्यक्ती सावरली तरी घर सावरतं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, कळव्याला महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे; वाशी, नेरूळ, ऐरोलीला नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं. चाळीस तासांचा अभ्यासक्रम या संस्था सहज चालवू शकतात: चोवीस तास दिवसकेंद्रात हात चालवून, सोळा तास देखरेखीखाली घरात. आंघोळ, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, उचलताना स्वतःची कंबर सांभाळणं. पूर्ण करणाऱ्यांचं नाव प्रभाग कार्यालयाच्या यादीत. ब्युरोवाल्यांना कमिशन घ्यायचं असेल, तर त्यांनी यादीतल्याच बायका द्याव्यात.

पैशांचं काय? वीस जणांच्या केंद्राचा ढोबळ महिन्याचा हिशेब असा मांडता येईल, जागेचं भाडं न धरता: चार सेविकांचे ८०,००० रुपये, एका परिचारिकेचे ३५,०००, गाडी, चालक आणि मदतनीस मिळून ६०,०००, जेवण-चहाचे ४०,०००, वीज, साहित्य आणि डॉक्टर-फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्यांचे ३५,०००. एकूण अडीच लाख, म्हणजे माणशी १२,५००. कुटुंबानं ५,००० दिले, तर वर्षाला एका केंद्रामागे १८ लाखांची तूट उरते. दहा केंद्रांची एक कोटी ऐंशी लाख. नवी मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पाच हजार कोटींच्या वरचा आहे. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ते चांगलंच. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. स्मृतिभ्रंशातला खर्च दाखल न होताच होत राहतो.

‘आपल्याकडे आईवडिलांना घरीच सांभाळतात’ हा आक्षेप येईल. बरोबर आहे, आणि दिवसकेंद्र हे घरी सांभाळणं जमावं म्हणूनच आहे. संध्याकाळी पाचला माणूस घरीच येतो. खरा आक्षेप वेगळा आहे: दिवसकेंद्र मधल्या टप्प्यालाच उपयोगी पडतं. अंथरुणाला खिळलेल्यांना ते निरुपयोगी. त्यांच्यासाठी केरळनं २००८ च्या धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत घरोघरी जाणाऱ्या परिचारिका उभ्या केल्या, तशी फिरती सेवा लागेल. गिळणं अवघड झालेल्या माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमच्यानं दाट पेज द्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे कुणीतरी घरी येऊन दाखवावं लागतं. या टप्प्यावर नाकातून नळी घातल्यानं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, हेही स्पष्ट सांगणारं माणूस हवं. आणि ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी आठ-नऊ जणांची छोटी निवासी घरं, जपानमधल्यासारखी, वस्तीतच.

सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना आरोग्यसेवेइतकीच कागदपत्रांची मदत लागते. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं, असा सार्वत्रिक समज आहे. पण आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची मनःस्थिती सक्षम राहिली नाही की ते संपुष्टात येतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालकत्वासाठी न्यायालयाची पायरी. म्हणून निदान झाल्या महिन्यातच संयुक्त खातं, नामनिर्देशन, डॉक्टरच्या दाखल्यासह मृत्युपत्र आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खालचं आगाऊ निवेदन (पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणं) उरकावं. केंद्रात महिन्यातून एक दिवस वकील बसला, तर पुष्कळ घरांचे हेलपाटे वाचतील.

प्रत्येक महापालिकेनं दोन केंद्रांपासून सुरुवात करावी, एक जुन्या वस्तीत आणि एक नव्या. वर्षभर चार नोंदी ठेवाव्यात: नोंदवलेल्यांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जण येत राहिले, घरच्या मावशी किती वेळा बदलल्या, मनोविकारावरच्या किती गोळ्या कमी झाल्या किंवा थांबल्या, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीला सलग किती तास झोप मिळते. तिसरं केंद्र उघडायचं की पहिल्या दोनांतली गाडीची वाट बदलायची, हे या चार आकड्यांवरून ठरवता येईल.